कुलूप शाबूत होतं

परवा आमच्या टाइम ऑफिसात नवे कॉम्प्युटर आले आणि मागोमाग त्यांना केबलची कुलपं लावणारा माणूस आला. जाड तारेची केबल असते, एका टोकाला छोटंसं कुलूप. केबल टेबलाच्या पायाला गुंडाळायची आणि कुलूप कॉम्प्युटरच्या डब्यात अडकवायचं, म्हणजे कुणी डबा उचलून नेऊ शकत नाही. पाच मिनिटांचं काम. मी उठले आणि कँटीनमध्ये जाऊन बसले. नको असताना दोनदा चहा घेतला. परत आले तर तो माणूस सहीसाठी थांबलेला. म्हणाला, "मॅडम, आता बिनधास्त राहा. काय चोरीला जात नाही." मला त्याचा इतका राग आला की सही करताना पेनानं कागद फाटला. त्या बिचाऱ्याचा काय दोष? त्याला तांबे काका कुठे माहीत होते!

तांबे काका आमच्या कंपनीत टाइमकीपर होते. चाकणच्या पट्ट्यात गाड्यांचे पत्र्याचे भाग दाबून, वाकवून मोठ्या कंपन्यांना पुरवणाऱ्या ज्या अनेक कंपन्या आहेत, त्यातली आमची एक. माझं गाव तिथून चार किलोमीटरवर. आमच्या भावकीची जमीन कंपनीच्या आवारात गेली म्हणून मला नोकरी लागली असं सगळे म्हणायचे, आणि ते खरंच होतं. मी काकांच्या हाताखाली लागले तेव्हा मला मस्टर कशाशी खातात हेही माहीत नव्हतं.

काका मूळचे बीडकडचे. तरुणपणी भोसरीला आले ते तिथलेच झाले, पण बोलणं तिकडचंच राहिलं. 'कामून' आणि 'लई' त्यांच्या तोंडातून कधी गेलं नाही. बुटके, सावळे, शर्टाचं गळ्याजवळचं बटणसुद्धा लावलेलं. वयानं माझ्या वडिलांएवढे, पण मला पहिल्या दिवसापासून ताई म्हणायचे आणि अहो-जाहो करायचे. मलाच नाही, सगळ्यांनाच. प्रेस शॉपवरच्या ज्या माणसांना सुपरवायझर 'ए हिरो' म्हणून हाक मारायचे, त्यांना काका 'अहो गव्हाणे', 'अहो शेळके' म्हणायचे. नवीन आलेले दचकून मागे बघायचे, की हा आपल्याशी बोलतोय की पाठीमागच्या साहेबाशी.

वेळेच्या बाबतीत मात्र हा माणूस वेडा होता, दुसरा शब्द नाही. पहिली शिफ्ट सातची, काका सव्वासहाला खुर्चीत. एकदा मोशीजवळ कंटेनर आडवा झाला आणि नाशिक रस्ता दोन तास तुंबला. काका घामाघूम होऊन आले, पाणीसुद्धा प्यायले नाहीत, आधी स्वतःच्या नावापुढे अर्ध्या दिवसाची रजा टाकली. मी म्हटलं, "काका, अर्धी कंपनी उशिरा आलीय. साहेबांनी सगळ्यांना माफ केलंय."

"साहेबांनी केलं असंल ताई. घड्याळानं कुठं केलंय?"

कधी एखादा ठेकेदार गोड बोलून न आलेल्या माणसांची हजेरी लावून मागायचा, कधी एखादा कामगार 'काका, आजच्या दिवस, मित्र हाय माझा' म्हणायचा. दोघांनाही तेच उत्तर मिळायचं, तेही त्याच नम्र आवाजात. लोक त्यांना तोंडावर हसायचे आणि पाठीमागे शिव्या द्यायचे. मीही दिल्यात, खोटं कशाला बोलू?

पण या कडक माणसाचं एक काम मी कधी विसरणार नाही. त्या वेळी अंगठ्याचं मशीन होतं. प्रेस शॉपवर वर्षानुवर्षं पत्रा हाताळून माणसांच्या बोटांवरच्या रेषा झिजतात, वर तेल असतं. मशीन अंगठा ओळखायचंच नाही. लाल दिवा लागायचा, मागे रांग तुंबायची, मागचे ओरडायचे. काका टेबलामागून उठायचे. त्यांच्याकडे एक ओलं फडकं आणि पावडरचा डबा असायचा. समोरच्याचा अंगठा हातात घ्यायचे, फडक्यानं पुसायचे, चिमूटभर पावडर लावायचे आणि स्वतः दाबून मशीनवर धरायचे. हिरवा दिवा लागेपर्यंत सोडायचे नाहीत. "गव्हाणे, आज नख काळं कामून झालं? दाखवा बरं." असं बोलत बोलत. रांगेतला प्रत्येक माणूस काकांना अंगठ्यावरून माहीत होता.

आता त्या मशीनची एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. आमच्याकडे परमनंट कामगार थोडे, ठेकेदाराचे जास्त. ठेकेदाराच्या माणसाला काही महिन्यांनी 'ब्रेक' देतात. म्हणजे चार दिवस घरी बसवायचं आणि पाचव्या दिवशी दुसऱ्या ठेकेदाराच्या नावावर नव्यानं घ्यायचं. माणूस तोच, मशीन तेच, काम तेच, कागदावर मात्र तो कालच आलेला. हे आमच्या पट्ट्यात सगळ्यांना माहीत आहे आणि कुणाला त्याचं काही वाटेनासं झालं आहे. पण अंगठ्याचं मशीन अडाणी होतं. एकदा घेतलेला अंगठा ते नव्या नंबरावर घेत नसे. 'हा अंगठा आधीच नोंदलेला आहे' म्हणून अडून बसे. मग काका जुनाच नंबर चालू ठेवायचे आणि पुढे फक्त ठेकेदाराचं नाव बदलायचे. त्यामुळे झालं असं, की साऱ्या कागदांवर दर सहा महिन्यांनी नव्यानं जन्माला येणारी माणसं काकांच्या टेबलावरच्या, मशीनला जोडलेल्या त्या एका कॉम्प्युटरात आठ आठ वर्षं सलग हजर होती.

करोनानंतर अंगठ्याला हात लावायची सगळ्यांना भीती वाटू लागली आणि चेहरा ओळखणारं मशीन आलं. ते थेट मुंबईच्या ऑफिसला जोडलेलं. सगळ्यांची नोंद पहिल्या दिवसापासून नवी. जुना कॉम्प्युटर कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटाशेजारी जाऊन बसला.

त्याच सुमारास सुदाम गव्हाणेनं केस टाकली. सुदाम खेड तालुक्यातला, डोंगराकडच्या गावचा, चाळीशीचा, कमी बोलणारा गडी. त्याच्यासारखे एक्केचाळीस जण एकत्र आले आणि म्हणाले, आम्ही आठ वर्षं इथंच राबलो, आम्हाला कायम करा. कंपनीनं उत्तर दिलं, ही माणसं चार महिन्यांपूर्वीच आली आहेत, हे घ्या कागद. आणि कागद बघितला तर तसंच होतं. एका सोमवारी ते सगळे पहिल्या शिफ्टला आले तेव्हा चेहऱ्याच्या मशीननं त्यातल्या एकालाही ओळखलं नाही. नावंच काढून टाकली होती. एकेकजण समोर उभा राहायचा, मशीन लाल व्हायचं, तो बाजूला व्हायचा. काका काचेपलीकडून बघत होते. सवयीनं उठले, फडकं हातात घेतलं, आणि मग तसेच उभे राहिले.

दोन दिवसांनी सुदाम गेटाबाहेर चहाच्या टपरीवर भेटला. काका आणि मी बसची वाट बघत होतो.

"काका, आमी कोन हाय ते आता फकस्त तुमच्या त्या डब्याला ठावं हाय," तो म्हणाला.

"हाय की. सगळं हाय त्यात," काका म्हणाले. "काळजी नगं. मी हाय तवर त्याला कोण हात लावत नाही."

आठवडाभरानं एचआरचे साहेब आले. जुना डबा भंगारात काढू या, जागा अडते, म्हणाले. काकांनी उभं राहून विचारलं, "साहेब, लेखी द्याल का?" केस चालू असताना असं लेखी कोण देणार? साहेब हसले, काकांच्या खांद्यावर थाप मारली आणि गेले. पण पुढच्याच गुरुवारी, म्हणजे आमच्या सुट्टीच्या दिवशी, स्टोअरमधून तांब्याचे पाइप आणि एक प्रिंटर गेला. आमच्याकडे चोऱ्या काही नव्या नाहीत. काकांनी मात्र ती खबर ऐकली आणि दुपारचा डबा न खाता तसाच झाकून ठेवला.

त्याच्या पुढच्या गुरुवारी ते पिंपरीच्या बाजारात गेले आणि केबलचं कुलूप घेऊन आले. सगळ्यात जाड कोणती ते दुकानदाराला विचारून आणली होती. शुक्रवारी सकाळी माझ्यासमोर पाकीट फोडलं. आत एक जाड लोखंडी चकती होती, डब्याला चिकटवायची. कुलूप त्या चकतीत अडकवायचं. आणि एक कागद होता, चित्रांचा. चित्रात दुसरीही एक रीत दाखवली होती. कॉम्प्युटरच्या डब्याला पाठीमागे एक छोटी कडी असते, कुलूप तिच्यातून घालायचं. मी म्हटलं, "काका, मागच्या कडीतून घाला असं दिसतंय चित्रात."

काकांनी डबा फिरवला, कडी बघितली, अंगठ्यानं दाबली. ती किंचित वाकली.

"हा कितीचा पत्रा हाय ताई? अर्ध्या एमएमचा बी नाही. असला पत्रा आपण दिवसभर कागदावानी वाकवतो. ह्याच्या भरवशावर एक्केचाळीस माणसं ठेवू?"

मला ते पटलं. आमच्या कंपनीतल्या कुणालाही पटलं असतं. आम्ही पत्र्याची माणसं, पातळ पत्र्यावर आमचा विश्वास नाही. काकांनी चकती डब्याच्या माथ्यावर चिकटवली, एक दिवस वाळू दिली, केबल कपाटाच्या पायातून ओवली आणि कुलूप लावलं. मग डिस्पॅचचे दोन हमाल बोलावले. "ओढा," म्हणाले. त्यांनी ओढलं. "जोरात ओढा हो, लाजू नका." दोघांनी पाय रोवून हिसडा दिला तेव्हा अख्खं कपाट वीतभर पुढे आलं, पण चकती हलली नाही. काका दात दिसेपर्यंत हसले. इतक्या वर्षांत मी त्यांचे दात पहिल्यांदा बघितले. दोन किल्ल्या होत्या. दुसरी कुणाकडे ठेवायची, यावर त्यांनी बराच विचार केला आणि शेवटी दोन्ही करगोट्याला बांधल्या.

कामगारांच्या वकील एक बाई होत्या, त्यांचं ऑफिस पिंपरीतच. मशीनचं प्रकरण समजून घ्यायला त्यांनी काकांना बोलावलं. काकांना एकट्यानं जायला अवघड वाटलं म्हणून मीही गेले, घरी न सांगता. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अहो काका, मग सोपं आहे. उद्या पेनड्राइव्हवर कॉपी करून आणा. कोर्टात कशी दाखल करायची ते माझ्याकडे लागलं."

काकांनी गळ्याजवळचं बटण चाचपलं.

"आणाल ना?"

"बाईसाहेब, ती कंपनीची वस्तू हाय. गेटाबाहेर न्यायची तर गेटपास लागतो."

सुदाम खुर्चीवरून खाली उतरला आणि त्यानं काकांचे पाय धरले. खरंच धरले. "काका, तुमी आमाला अंगठा धरून आत घेतलंय. एवढं करा. कोनाला कळनार बी न्हाई."

काकांनी त्याला उठवलं. डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज तोच. "गव्हाणे, चोरापासून राखायला मी त्याला कुलूप लावलं. आन् मीच चोरून न्यायचं? उद्या कोर्टानं इचारलं, हे कसं आणलं, तर काय सांगू? कोर्टाचा हुकूम आणा. हुकूम आला की मी सगळ्यांच्या देखत कुलूप काढतो आन् डबा हातावर उचलून देतो."

बसमध्ये मी त्यांच्याशी बोलले नाही. इतकी चिडले होते. पण खरं सांगायचं तर त्या कॉम्प्युटरचा पासवर्ड मलाही माहीत होता. सिक्युरिटीनं पेनड्राइव्हच्या खाचांवर लावलेली पट्टी नखानं निघाली असती. मी दोन-तीनदा त्या कपाटाजवळ जाऊन उभी राहिले. नोकरी गेली तर घरात काय सांगू, ह्या विचारानं परत आले. काका तत्त्वानं थांबले, मी भीतीनं. दोघांचा उपयोग सारखाच.

वकीलबाईंनी हुकमासाठी अर्ज केला आणि काकांना बजावलं, हुकूम येईपर्यंत डब्याला हात लावू नका, चालूसुद्धा करू नका, नाहीतर म्हणतील तुम्ही आत फेरफार केला. काकांनी ते अक्षरशः पाळलं. चार महिने गेले. रोज सकाळी आले की कुलूप एकदा ओढून बघायचे, शनिवारी केबलवरची धूळ पुसायचे. डब्यावरची नाही, कारण हात लावायचा नाही असं सांगितलं होतं.

मधल्या एका शुक्रवारी सकाळी मला कपाटाजवळ फरशीवर एक काळा स्क्रू सापडला. मी तो टाचण्यांच्या डबीत टाकला आणि हजेरी घ्यायला बसले. कारखान्यात स्क्रू सापडणं ही काय सांगण्यासारखी गोष्ट आहे?

हुकूम आला. त्या दिवशी काका इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले होते. एचआरचे साहेब, वकीलबाई, सुदाम, कंपनीनं बोलावलेला कॉम्प्युटरवाला, सगळे आमच्या छोट्याशा खोलीत दाटीवाटीनं उभे. काकांनी वळून शर्ट वर केला, करगोट्याची किल्ली सोडली, कुलूप काढलं आणि सगळ्यांना दाखवलं. कुलूप शाबूत होतं, केबलवर ओरखडासुद्धा नव्हता. मग डबा दोन्ही हातांवर उचलून टेबलावर ठेवला. कॉम्प्युटरवाल्यानं वायर जोडली, बटण दाबलं. काळा पडदा आला आणि त्यावर इंग्रजीत एक ओळ. त्यानं परत बंद करून चालू केला. तीच ओळ.

"आत डिस्क दिसत नाही," तो म्हणाला.

"वायर ढिली झाली असंल," काका म्हणाले. "लई दिवस बंद होता."

त्यानं मागचा स्क्रू काढून बाजूचं झाकण सरकवलं. डिस्कच्या जागी रिकामी खाच होती आणि दोन वायरी लोंबत होत्या. सगळी हजेरी, आठ वर्षांची, त्या वीतभर जागेत होती आणि नव्हती झाली. साहेबांनी मोबाइलवर शूटिंग चालूच ठेवलं होतं.

सुदामनं विचारलं, "काका, किल्ली कोनाकडं व्हती?"

"माझ्याकडं."

"दोन्ही?"

"दोन्ही."

सुदामनं मान हलवली आणि निघून गेला. त्यानं आवाज चढवला असता, शिवी दिली असती तर बरं झालं असतं. वकीलबाई काकांकडे बघतही नव्हत्या. कुलूप तुटलेलं असतं तर काका सुटले असते. पण त्या दणकट कुलपानं सगळ्यांना एकच सांगितलं, की हे किल्लीवाल्याशिवाय कुणाला जमणार नाही.

मला उलगडा झाला तो दोन दिवसांनी. डबीतली टाचणी काढताना तो काळा स्क्रू हाताला लागला. रिकामा डबा परत कोपऱ्यात ठेवला होता, मी त्याच्या मागे जाऊन बघितलं. झाकणाला दोन स्क्रूच्या जागा, त्यातली एक रिकामी. मी काकांना हाक मारली. त्यांनी कुलूप परत चकतीत अडकवलं, केबल ताणून बघितली, मग उरलेला स्क्रू काढला आणि झाकण सरकवलं. ते अलगद बाजूला आलं. कुलूप होतं तिथंच होतं. काकांनी झाकण परत लावलं आणि परत काढलं. मागच्या कडीतून कुलूप घातलं असतं तर झाकण सरकलंच नसतं. चित्रात तेच दाखवलं होतं.

"म्हंजे मी डबा राखला ताई," काका म्हणाले. "नुसता डबा."

कुणी केलं ते आजतागायत ठरलेलं नाही. संशय सगळ्यांना आहे, मलाही आहे, पण संशयावर कुणाचं नाव घ्यायचं नाही हेही मी काकांकडूनच शिकले. मी म्हटलं, चला, हे सगळ्यांना दाखवू. काकांनी नकारार्थी मान हलवली. "दाखवून काय होणार? चूक माझीच हाय. चोर कोण का असंना, दार मी उघडं ठेवलं." मग मीच सुदामला टपरीवर गाठलं आणि तो स्क्रू तळहातावर ठेवून सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. म्हणाला, "ताई, तुमी बी कंपनीच्याच." त्याचंही काय चुकलं? त्याच दिवशी सकाळी साहेबांनी माझ्याकडून लिहून घेतलं होतं, की कुलपाच्या दोन्ही किल्ल्या श्री. तांबे यांच्याकडेच असत. वाक्य खरं होतं. मी स्क्रूचं बोलायला लागले तर ते म्हणाले, "जेवढं विचारलंय तेवढं लिहा." मी तेवढंच लिहिलं आणि सही केली. त्या सहीची मला अजून लाज वाटते.

काकांवर चौकशी बसली. ती चालू असतानाच त्यांचं रिटायरमेंटचं वय झालं. ना सेंडऑफ, ना नारळ, ना शाल. दुपारी साडेतीनला शिफ्ट सुटली तेव्हा पिशवी उचलली, मला "येतो ताई" म्हणाले आणि गेले. एकानंही बसच्या खिडकीतून हात हलवला नाही. परमनंटवाल्यांना वाटत होतं काका ठेक्यावरच्यांच्या बाजूचे, आणि ठेक्यावरच्यांना वाटत होतं काका विकले गेले.

केस मात्र चालू होती. तारखेवर तारीख. पोट कुणासाठी थांबत नाही. एक्केचाळीस जणांतले काही रांजणगावला गेले, काही वाकडला पार्सलं पोचवायला लागले, कुणी गोडाउनला, कुणी सोसायटीच्या गेटवर. नव्या ठिकाणीही ठेकेदारच. तारखेला यायचं तर खाडा पडतो आणि दोन खाडे झाले की तिथलीही नोकरी जाते. आधी पंधरा जण यायचे, मग सात, मग एकटा सुदाम. शेवटी वकीलबाईंनीही अंग काढून घेतलं.

मला हे कळायचं कारण असं, की कंपनीची फाइल घेऊन पुण्याच्या कोर्टात मलाच पाठवायचे. आणि काका प्रत्येक तारखेला तिथं असायचे. त्यांना कुणी बोलावलेलं नव्हतं. साक्षीदार म्हणूनही कुणाला ते नको होते. भोसरीहून बसनं यायचे, व्हरांड्यातल्या बाकावर बसायचे. सुदाम येत होता तोवर तो दुसऱ्या बाकावर बसायचा. दोघांत बोलणं नसायचं.

मागच्या वर्षी मी गेले तेव्हा काका जिन्यातच उभे होते. खूप वाळले होते. शर्टाची कॉलर गळ्यापासून सुटलेली.

"ताई, खाली कुणी दिसलं का आपलं?"

"नाही काका."

"मी काल सगळ्यांना फोन लावले. कोण उचलत नाही. गव्हाणेंनी उचलला. म्हणले, दोन खाडे झालेत, आज सुट्टी न्हाई मिळत." मग म्हणाले, "ठेवला नाही लगेच. 'बरं हाय का काका' म्हणले."

एवढ्यात आत पुकारा झाला. आम्ही दोघं आत गेलो. मी कंपनीच्या वकिलाशेजारी, काका शेवटच्या रांगेत. पुकारणाऱ्यानं नावं घेतली, सुदाम गव्हाणे आणि इतर. कुणी उठलं नाही. परत घेतली. मग दाराबाहेर जाऊन मोठ्यानं तिसऱ्यांदा घेतली. आत येऊन म्हणाला, "कोणी नाही, साहेब."

तेव्हा काका उभे राहिले.

"तुम्ही अर्जदार?" न्यायाधीशांनी विचारलं.

"न्हाई साहेब. मी टाइमकीपर होतो."

"मग?"

"साहेब, ही माणसं आठ वर्षं रोज हजर होती. मी स्वतः अंगठा धरून लावलाय. एकेकाचा."

कंपनीचा वकील उठायला लागला. न्यायाधीशांनी त्याला हातानं थांबवलं. आवाजात राग नव्हता, उलट तो जरा मऊच होता. म्हणाले, "काका, ते मला आज ऐकता येणार नाही. तुम्ही एवढंच सांगा, आज ते आलेत का?"

काकांनी वळून दाराकडे पाहिलं. बराच वेळ पाहत राहिले. मी मनात म्हणत होते, काका, आयुष्यात एकदा, एकदाच खोटं बोला. म्हणा, खाली आहेत, येतायत, बसमध्ये आहेत. एक तारीख मिळेल, नाहीतर केस आजच काढून टाकतील. पुढचं पुढे.

"न्हाईत साहेब," तांबे काका म्हणाले. "आज गैरहजर हायेत."

न्यायाधीशांनी मान खाली घालून लिहायला घेतलं, आणि पुकारणाऱ्यानं पुढचं नाव घेतलं.